मशीनमध्ये गेलेलं शेण
गरम पाण्यात धुण्याचा सोडा पडला, की त्या वासासरशी मला आष्टीकडच्या आमच्या गोठ्यातली एक सकाळ आठवते. दूध काढायची मशीन घेऊन महिनाही झाला नव्हता. त्या सकाळी गाईनं लाथ मारली, सडांना लावलेले चारही कप शेणात पडले आणि चालू मशीननं ते शेण नळीतून थेट बादलीत ओढलं. मी दूध उकिरड्यावर ओतलं आणि मशीनचा एकेक भाग सुटा करून घासायला बसले. सासूबाई म्हणाल्या, "येवढं काऊन घासून राह्यली? शेणच हाय ना, देवापुढं सारवतो आपण त्यानं." संध्याकाळच्या धारेआधी मशीन स्वच्छ करायचीच होती. सोड्याच्या कढत पाण्यानं बोटं सोलली, तरी वास जाईना. शेवटी कपातलं रबर उलटं केलं, तर आत हिरवट थर! ते त्यांच्यापुढं धरून मी विचारलं, "आई, या दुधाचा निवद दाखवता का देवाले?" त्यांनी रबर हातात घेऊन निरखलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "सरक बाजूले. पाणी अखीन तापव." आता त्यांना नीट दिसत नाही, पण रोज धारेआधी नळी मी त्यांच्या नाकाशी नेते; त्या मान डोलावत नाहीत तोवर गाईलाही थांबावं लागतं.