दोदोनीच्या ओकला विचारलेला प्रश्न

इव्हान्थियाचं पहिलं लग्न वडिलांनी ठरवलं. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही मान डोलावली. नवरा जर्मनीत कारखान्यात गेला, तशी तीही मागोमाग गेली. तिथल्या हॉस्पिटलात चादरींना इस्त्री करता करता तिचं तरुणपण सरलं. म्हातारपण गावाकडे काढू म्हणून दोघं ग्रीसमधल्या डोंगराळ कोनित्साला परतले, आणि थोड्याच दिवसांत नवरा वारला.

शेजारचा लाम्ब्रोसही एकटाच. आयुष्यभर त्यानं बस चालवली. डोंगरातून रानभाजी खुडून आणायचा, ती त्या भाजीची चीज घालून पाई करायची. ईस्टरला पाई खाता खाता तो म्हणाला, "इव्हान्थिया, दोन घरांत दोन चुली कशाला पेटवायच्या?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

विचार काही संपेना. मुलगी अर्गिरो फोनवर कडाडली, "आई, या वयात? लोक तोंडात शेण घालतील!"

जूनमध्ये चर्चच्या बायकांची सहल दोदोनीचं प्राचीन देवस्थान बघायला निघाली. बस चालवायला लाम्ब्रोसच होता.

दगडी नाट्यगृह ओलांडून बायका झ्यूसच्या पडक्या देवळाशी आल्या. मधोमध ओक उभा. मूळचा केव्हाच तोडला गेला, हा नंतर लावलेला. गाइडनं सांगितलं, पूर्वी लोक शिशाच्या पट्टीवर प्रश्न कोरून आणायचे आणि पुजारी पानांच्या सळसळीतून देवाचं उत्तर सांगायचे. एकानं तर विचारलं होतं, माझ्या उशा नि पांघरुणं कुणी नेली? बायका खो खो हसल्या.

"चल, तूही विचार," शेजारीण पोलिक्सेनी म्हणाली.

"मी काय विचारू?"

"सोंग नको घेऊस. सगळ्या बसला ठाऊक आहे."

इव्हान्थियानं आधी छातीवर क्रॉसची खूण केली, मग झाडाजवळ जाऊन हळूच पुटपुटली. पान हललं नाही. मग डोंगरावरून वारा आला आणि सगळं झाड सळसळलं.

"नाही म्हणाला," पोलिक्सेनीनं जाहीर केलं.

"नाही? कुठे नाही म्हणाला?"

"मी स्पष्ट ऐकलं."

"कान तपासून घे तुझे! झाडाला काय कळतंय लाम्ब्रोसमधलं? न सांगता माझ्या दारातला बर्फ काढतो तो. मी बोलायला लागले की टीव्ही बंद करतो. आजवर कुणी केला होता माझ्यासाठी टीव्ही बंद?"

तिचा आवाज इतका चढला की बाकीच्या बायका वळून बघायला लागल्या.

"मग बिचाऱ्या झाडाला कशाला छळलंस?" पोलिक्सेनी हसू दाबत म्हणाली.

इव्हान्थिया लाजली, आणि तशीच तरातरा बसकडे निघाली. लाम्ब्रोस काच पुसत होता.

"झालं बघून?"

"झालं. हे बघ, चूल माझ्या घरी पेटेल. तुझं छप्पर गळतं."

तो फडकं हातात धरून उभाच राहिला. "गळतं," तो म्हणाला, "फारच गळतं."

सप्टेंबरात लग्न झालं. अर्गिरो तोंड फुगवूनच आली. आईच्या खोलीत गेली, पिशवीतून निळा झगा काढला आणि म्हणाली, "हे विधवेचे काळे कपडे काढ आता. आणि नीट उभी राहा, मागची बटणं लावते." बटणं लावता लावता तिनं आईच्या पाठीवर डोकं टेकलं.

येत्या वसंतात नवरा-बायको प्रेवेझाला समुद्र बघायला जाणार आहेत. बस दुसराच कुणीतरी चालवणार आहे. खिडकीची जागा लाम्ब्रोसनं आतापासूनच मागून ठेवली आहे.