गुळवेलीचा काढा आणि नवी फुप्फुसं

काटेवाडी सोडली तेव्हा मी अॅम्ब्युलन्समध्ये आडवी होते. नाकाला ऑक्सिजन, शेजारी आमचे हे, आणि दाराशी माहेराहून, जळोचीहून धावत आलेली आई. "पंधरा दिसात माघारी येतीस बघ," ती म्हणाली. इंदापूर मागं पडलं आणि मला रडू फुटलं, पण रडायलाही दम पुरेना. त्याला आता दोन वर्षं झाली.

हैदराबादला एका अनोळखी माणसाची फुप्फुसं माझ्या छातीत बसवली. माझी स्वतःची गोठ्यातल्या बुरसटलेल्या कडब्याच्या धुळीनं गेली होती. म्हणून आता गोठा नको, आणि हॉस्पिटलपासून लांबही जायचं नाही. आम्ही दोघं इथंच फ्लॅटमध्ये राहतो. सकाळी स्पायरोमीटरमध्ये, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजायच्या मशीनमध्ये फुंकायचं, आकडा बघायचा, गोळ्या घ्यायच्या. या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, नाहीतर शरीर नव्या फुप्फुसांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडतं.

हे मी आईला कधी नीट सांगितलंच नव्हतं. गेल्या हिवाळ्यात ती आली आणि मला पाहून हबकली. "किती वाळलीस गं! अंगात ताकदच न्हाय." प्रतिकारशक्ती वाढते म्हणून गावाकडून आणलेल्या गुळवेलीचा काढा ती रोज गुपचूप माझ्या चहात घालू लागली. चहा कडू लागायचा. मला वाटायचं, गोळ्यांनी तोंडाची चव गेली असेल.

दहाव्या दिवशी आकडा घसरला, अकराव्या दिवशी आणखी. आईला घेऊन आम्ही हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी विचारलं, काही गावठी औषध घेतलं का? मी नाही म्हणणार, तोच आईचा चेहरा उतरलेला दिसला. तिनं काढ्याचं सांगून टाकलं.

तपासणीत रिजेक्शन निघालं, म्हणजे शरीर नव्या फुप्फुसांवर उठलं होतं. इंजेक्शनांनी आकडा थांबला, पण पहिल्या जागी आला नाही. काढ्यानंच झालं का, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येईना. तिथल्या एका संशोधक मुलीनं मला माझ्याच रक्तातल्या पेशी स्क्रीनवर दाखवल्या. आकडा घसरायच्या आधी यातल्या कोणत्या पेशी चवताळतात, ते ती शोधतेय. त्यासाठी मी दर महिन्याला रक्त देते. खरं सांगते, त्या पेशींची मला भीती वाटते. माझ्याच आहेत आणि माझं काही ऐकत नाहीत.

"माझ्यामुळं झालं का गं?" निघताना आईनं विचारलं. मी "न्हाय" म्हणाले. तिला ते पटलं नाही, आणि मलाही.

आता रोज सकाळी सातला तिचा फोन येतो. मी फुंकते. लिटर-बिटर तिला कळत नाही. "कालच्यापरीस कमी न्हाय ना?" एवढंच विचारते. मी मशीनकडे बघते, मग सांगते. तेवढा वेळ जळोचीत आई श्वास रोखून उभी असते. गावाकडचं माझं घर आता तेवढ्या रोखलेल्या श्वासाएवढंच उरलंय.