पासपोर्टाचा उखाणा

गुलाम म्हटलं की लोकांना साखळदंड आठवतात. माझ्या पायात साखळी नव्हती बाई, चांगले लोकरीचे मोजे होते. डब्लिनमध्ये बॉल्सब्रिजच्या त्या घरात गालिचे होते, हीटर होता, आणि घरातले सगळे मला मावशी म्हणायचे. तिथेच तर सगळी गोम होती. येणाऱ्या-जाणाऱ्या मराठी मंडळींना वाटायचं, ही साहेबांची सख्खी मावशी. मावशीने स्वयंपाक केला, पोरांचं केलं, बाथरूम घासली, तर त्यात विचारायचं काय?

मिरजेहून मी आले होते मुलं सांभाळायला. घरात पाऊल टाकल्या टाकल्या साहेबांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, पासपोर्ट मागून घेतला. "हरवेल हो मावशी, माझ्याकडे राहू दे." राहिला तो राहिलाच. वरच्या खोलीतल्या कपाटाला कुलूप आणि किल्ली वहिनींच्या पर्समध्ये. एकटीने बाहेर पडायचं नाही, पोलीस धरतात म्हणे. घरी फोन करायचा तो स्पीकरवर, शेजारी वहिनी बसलेल्या. नवरा म्हणायचा, पगार अजून आला नाही. वहिनी म्हणायच्या, बँकेचा काहीतरी घोळ असेल. आणि मी गप्प! जिच्या तोंडाला मिरजेचा अख्खा भाजीबाजार वचकून असायचा, ती मी दोन वर्षं गप्प बसले.

मग माझ्या थोरल्या लेकीला दिवस गेले. सातवा लागल्याचं कळलं, तेव्हा मी वहिनींना म्हटलं, पहिलं बाळंतपण आहे, आईनेच करायचं असतं, मला जाऊ द्या. त्या म्हणाल्या, "मुलांच्या शाळा चालू आहेत, उन्हाळ्यात बघू." उन्हाळ्यात! बाळ काय यांच्या सोयीने येणार होतं? त्या दिवशी कणीक मळताना मी इतकी रडले, की मीठ घालायचं राहिलं ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

त्याच महिन्यात संक्रांत आली. वहिनींनी हळदीकुंकू ठेवलं. बाहेर वारा नुसता घोंघावत होता, पण बायका आल्या. मेनूथहून आल्या, पार कॉर्कहून आल्या. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने. वाण म्हणून स्टीलचे डबे होते. तिळाच्या वड्या अर्थात मी केलेल्या, कौतुक वहिनींचं. मग सुरू झाले उखाणे. हसणं, खिदळणं, एकीला आठवेना म्हणून दुसरीने पुरवलेलं. आणि कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुम्हीपण घ्या की नाव! काकांना किती दिवस लपवून ठेवणार?"

"त्या लाजतात गं," वहिनी म्हणाल्या.

मी लाजते? माझं डोकंच फिरलं. हातातलं तबक खाली ठेवलं, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"आज वहिनींच्या घरी हळदीकुंकवाचा थाट,
कुलपात पासपोर्ट माझा, दोन वर्षं बघते वाट!"

काय हशा पिकला! "मावशी, एकदम ग्रँड! अजून एक!" टाळ्यासुद्धा वाजल्या. आता माघार कुठली?

"हसू नका गं," मी म्हटलं. "खरं आहे ते. मी यांची कुणी लागत नाही. कामाला आणलंय मला. पगार नाही, बाहेर जायची मुभा नाही. लेक बाळंत व्हायचीय माझी आणि हे मला सोडत नाहीत."

"मावशी पण ना, गंमत करतात," वहिनी हसल्या.

"मग आणा पासपोर्ट. मीपण हसते."

मेनूथला राहणारी एक डॉक्टरीणबाई होती, माझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी असेल. ती उठली. आपला वाणाचा डबा तिने तबकात परत ठेवला. "यांचा पासपोर्ट खाली येईपर्यंत मी या घरातलं वाण घेणार नाही," म्हणाली. तिच्या शेजारचीने ठेवला, मग तिसरीने. सवाष्णींनी वाण परत करायचं, ते भर संक्रांतीला! वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. त्या जिना चढून गेल्या. कुलूप उघडल्याचा खट्ट आवाज खाली सगळ्यांनी ऐकला.

पासपोर्ट हातात आला तेव्हा मी आधी आतला फोटो पाहिला. मीच होते. कुणीतरी माझ्या अंगावर आपला कोट चढवला, कारण मला कुणी कोट घेतलाच नव्हता, आणि पुढच्या दाराने, सगळ्यांच्या देखत, मी बाहेर पडले. असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, खरं सांगते.

पगाराचं भांडण पुढे वर्षभर चाललं. तिथल्या एका संस्थेतल्या बाई माझ्या वतीने लढल्या आणि आम्ही जिंकलो, दमडीन् दमडी वसूल केली. पण विमान मी त्याआधीच पकडलं होतं. नवऱ्याला सगळं सांगितलं, तर हे म्हणतात, "चारचौघींत उखाणा घेतलास आणि त्यात माझं नावच नाही?" मी म्हटलं, नशीब समजा.

नात झाली. तिसऱ्या दिवशी तिला न्हाऊमाखू घालत होते. लेकीला मी अजून काहीच सांगितलं नव्हतं, ओली बाळंतीण ती. पडल्या पडल्या तिने विचारलं, "आई, किती दिवसांची सुट्टी दिलीय गं त्यांनी तुला?"

मी बाळाच्या अंगावर पाणी घालत म्हटलं, "मला कोण सुट्टी देणार? मला वाटेल तेवढे दिवस राहणार मी."