नाकतोड्यात कांदा

खोपटच्या एसटी डेपोजवळच्या एका हॉटेलात पोपटराव कॅप्टन, म्हणजे वेटरांचे मुकादम होते, पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. गिऱ्हाईक "अहो, भाजीत किडा!" म्हणून ओरडलं की पोपटराव धावत जायचे, तो ऐवज चिमटीत धरायचे आणि "किडा कुठला साहेब, जळका कांदा आहे," म्हणत चावून गिळायचे. पुरावाच पोटात, मग तक्रार कसली करणार? घरी अंड्यालाही न शिवणाऱ्या या माणसाने हॉटेलच्या अब्रूसाठी काय काय पचवलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. थोरल्या मालकांनी त्यांना सांभाळलं ते याचसाठी.

थोरले गेले आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा विनीत बसला. कुठल्याशा बड्या हॉटेलात लोक हौसेने किडे खाताना बघून आला आणि त्याने मेनूत थेट 'कुरकुरीत नाकतोडा' घातला.

"काका, आता किडा निघाला तर पब्लिक खूश होणार," तो म्हणाला. "तुमचं काम काय राहिलं? या महिन्यानंतर घरी आराम करा ना."

पोपटरावांच्या पोटात गोळा आला. एवढे किडे गेले तेव्हाही आला नव्हता. साठीच्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार, आणि अनुभव तरी काय सांगायचा?

त्याच आठवड्यात रविवारी डोंबिवलीहून रंगूबाई आल्या, सून सोनलला घेऊन. सोनलला सासूबाई नाकतोडा खातानाचं रील करायचं होतं.

"आई, तुमचा चातुर्मास आहे. चालेल ना?"

"कांदा-लसूण वर्ज्य. नाकतोड्याचं पोथीत कुठे काही लिहिलेलं नाही." रंगूबाईंनी पहिला नाकतोडा मिटक्या मारत खाल्ला. दुसऱ्याला हात घातला आणि किंचाळल्या, "अगं बाई, कांदा! माझं व्रत बाटवलं मेल्यांनी!"

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. सोनलचा मोबाईल चालूच होता. विनीतच्या तोंडचं पाणी पळालं. पोपटराव मात्र सवयीने धावले. ताटलीत तळलेल्या कांद्याची काडी लख्ख दिसत होती. त्यांनी ती चिमटीत धरली.

"कांदा कुठला मावशी? नाकतोड्याचा पाय आहे," म्हणाले आणि गिळून मोकळे झाले.

रंगूबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "नक्की पायच ना?"

"देवाशप्पथ."

"मग हरकत नाही. उगाच जीव घाबरा झाला हो माझा." त्यांनी ताटली परत पुढे ओढली.

विनीत घाम पुसत पोपटरावांच्या कानाशी आला.

"काका, आरामाचं मनावर घेऊ नका हां. सोमवारपासून उपवासाचा नाकतोडा काढतोय. तुमच्याशिवाय जमायचं नाही."