उचलून धरलेलं लाटणं

कविताने बेल वाजवली नाही, दारावर नुसती थाप मारली. दुपारची वेळ होती, मी कुकर चढवून ओट्याशी उभी होते. दार उघडलं तर ती ओढणीचं टोक मुठीत आवळून उभी. "आंटी, मम्मी..." एवढंच म्हणाली आणि पुढचं तिला येईना. मीही "काय झालं गं?" असं विचारलं नाही. तिचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत उंबऱ्यात उभी राहिले. समोरच्याच्या तोंडून शब्द येईपर्यंत थांबायची सवय मला तिच्या आईनेच लावली होती. कुकरची शिट्टी झाली तरी आम्ही दोघी तशाच... मग तिने नुसती मान हलवली, आणि लाजभाभी गेल्या हे मला कळलं.

आता या गोष्टीला दीड महिना होईल. लाजवंती त्यांचं नाव, पण सगळ्या इमारतीला त्या लाजभाभी. उल्हासनगरात चार नंबर कॅम्पात, तिसऱ्या मजल्यावर, आमची दारं समोरासमोर. लग्न होऊन मी कुळगावहून इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि भाजलेला पापड नि पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. उन्हातून आलेल्या माणसाला सिंधी घरात असंच देतात, हे मला कुठलं ठाऊक? मला वाटलं जेवायला बसवलंय. पापड तसाच हातात धरून मी स्वयंपाकघराकडे बघत बसले. त्या पोट धरून हसल्या. "अरे खा ना, सुनंदा! पीछे से भात नाही येणार!" पुढे कितीतरी वर्षं मी जास्त वेळ बसले की त्या विचारायच्या, "काय गं, भाताची वाट बघते काय?"

त्या घरी पापड करायच्या. उडदाचे, भरपूर मिरी घातलेले. दुपारभर लाटणं चालायचं आणि लाटण्याबरोबर तोंड. तेव्हा त्या बडबडीचं मला कौतुक नव्हतं. खरं सांगायचं तर डोकं दुखायचं. पण त्या बडबडीनेच माझं घर सावरलं.

माझा निनाद तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. ऐकू नीट यायचं, हसायचा, हात धरून न्यायचा, पण तोंडातून शब्द नाही. नर्सरीतल्या मॅडमनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "घरात मराठी, शेजारी सिंधी, खाली हिंदी, म्हणून मूल कन्फ्यूज होतंय. घरात फक्त इंग्लिश बोला." निनादचे बाबा अंबरनाथला कारखान्यात. मी दहावी. आम्हाला वाटलं, शिकलेली बाई सांगतेय म्हणजे खरंच असणार. त्याच संध्याकाळी चित्रांचा तक्ता आणला, आणि आमच्या घरात "सिट डाऊन", "ईट फास्ट", "डोन्ट टच" सुरू झालं. ते संपल्यावर काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही येत नव्हतं. मूल पडलं तर "अगं बाई, लागलं का माझ्या सोन्याला" हे ओठावर यायचं, ते मी गिळायची आणि त्याचं इंग्रजी शोधेपर्यंत त्याचं रडू थांबलेलं असायचं. कुळगावहून माझी आई आली, तिलाही मी गप्प केलं. ती म्हणाली, "मंग मी पोराशी मुक्यानंच बसू काय?" दोन दिवस राहून परत गेली. बोलकं व्हावं म्हणून जे घर झटत होतं, तेच घर मुकं झालं. निनाद तक्त्यासमोर बसून आमच्या तोंडाकडे बघायचा.

लाजभाभींना हे सगळं ठाऊक होतं. आमच्या दारातून काहीच ऐकू येत नाही, हे समोरच्या दाराला कळणारच. एका दुपारी त्या आल्या आणि निनादला उचलून म्हणाल्या, "मी इसको घेऊन जाते. तुम्हारी इंग्लिश तुम्ही बोला." त्यांनी त्याला पोळपाटासमोर बसवलं आणि पापड लाटता लाटता बोलत सुटल्या. सिंधी, हिंदी, मराठी, जे येईल ते. एक पिठाची गोळी उचलून विचारायच्या, "ही छा आहे?" म्हणजे, हे काय आहे? आणि विचारलं की त्यांचं लाटणं थांबायचं. हातात उचलून धरलेलं, डोळे पोराच्या तोंडावर. उत्तर स्वतः सांगायच्या नाहीत. उन्हाचा पट्टा सरकायचा, पीठ वाळायचं, तरी त्या थांबायच्या. नुसतं "अं" आलं तरी तेच मोठं उत्तर समजून "शाबास पुट!" म्हणायच्या आणि लाटणं पुन्हा चालू. जगातली सगळ्यात बडबडी बाई एका मुलापुढे मात्र गप्प बसू शकत होती, आणि मी दारात उभी राहून ते बघायची.

पुढे कल्याणला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी तक्ता गुंडाळून ठेवायला सांगितलं. म्हणाल्या, भाषा दोन असोत की चार, मुलाच्या मेंदूला त्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो घर गप्प झाल्याचा. नुसते शब्द कानावर पडूनही पुरत नाही. मूल काहीतरी करतं, मोठं माणूस त्याला उत्तर देतं, मग मूल पुन्हा काहीतरी करतं... या देवाणघेवाणीतूनच मेंदूत वाटा पडतात, आणि पुढचं वाचणं, मोजणं, विचार करणं त्याच वाटांनी चालतं. ज्या भाषेत तुम्ही हसता, रागावता, त्याच भाषेत बोला. मला कुळगावची आमची भातखाचरं आठवली. बांधावरून रोज माणसं गेली की गवत मरून आपोआप पायवाट पडते. तिथे कुणी फावडं घेऊन जात नाही. आणि जाणं-येणं थांबलं की एका पावसाळ्यात ती वाट दिसेनाशी होते.

निनादची पहिली वाट सिंधीतून पडली. भाजलेल्या पापडाकडे हात करून तो एक दिवस म्हणाला, "मूंखे डे." मला दे. लाजभाभी लाटणं टाकून ओरडतच आमच्या घरी आल्या. निनादचे बाबा रात्रपाळी करून झोपले होते. ते उठून बसले, ऐकलं, आणि म्हणाले, "कुळगावचा नातू सिंधीत पापड मागतो! चला, मागितला तर खरं." तक्ता गेला तरी आम्ही बिचकतच बोलत होतो; त्या दिवशी आमच्या घरात मराठी मोकळी होऊन परत आली. मी इतकी बोलले, इतकी बोलले की घसा बसला. वर्षभरात निनाद आमच्या डोक्यावर बसून बोलायला लागला, आणि शाळेत वाचायला लागला तेव्हा दुकानांच्या पाट्यासुद्धा सोडायचा नाही.

आता माझी भाची बदलापूरला नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहते. तिच्या लहानग्याला जेवताना मोबाइल लागतो. मी बोलले की ती म्हणते, "मावशी, त्यात गाणी असतात, शब्द शिकतो तो." शिकतो म्हणे! मोबाइल बोलतो खूप, पण पोराच्या उत्तरासाठी थांबतो कुठे?

पोरं बोलायला शिकतात आणि मग बोलत बोलत लांब जातात. निनाद नोकरीसाठी बंगळुरूला गेला, कविता लग्न होऊन पुण्याला. तिचे वडील गेले, पाठोपाठ निनादचे बाबा गेले. उरल्या दोन बायका, समोरासमोरच्या दोन दारांत. दुपारी माझी पोळी, त्यांचा पापड आणि गप्पा. अख्ख्या दिवसात मी तेवढंच बोलायची.

मागच्या वर्षी त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि त्याबरोबर बोलणं. ती बडबडी बाई माझ्याकडे बघून ओठ हलवायची आणि शब्द यायचा नाही... हिंदी गेली, मराठी गेली. काही महिन्यांनी सिंधीतले चार-दोन शब्द परत आले. पाणी. मानी, म्हणजे पोळी. अच, म्हणजे ये. कविता येऊन राहिली होती. बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी यायची, ती आम्हाला म्हणाली, "वस्तू दाखवा, विचारा आणि थांबा. घाईने तुम्हीच शब्द सांगू नका." मी मनात म्हटलं, बाई गं, हे मी कुणाकडून शिकलेय ते तुला काय सांगू. मग रोज दुपारी मी त्यांचंच लाटणं त्यांच्यापुढे धरून विचारायची, "ही छा आहे, भाभी?" आणि थांबायची. निनाद फोनवर "कीअं आहियो, अम्मा?" म्हणजे कशा आहात, असं सिंधीत विचारायचा, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण शब्द नाही. लाटण्याचा शब्द तर शेवटपर्यंत आला नाही. गवत फार वाढलं होतं.

शेवटची भेट त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशीची. मी नेहमीसारखी बसले होते, बोलायचं तेवढं बोलून झालं होतं. एकाएकी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःहून विचारलं, "मानी खाधी?" जेवलीस? आजारपणात त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न. आणि विचारून त्या थांबल्या. डावा हात गादीवरून थोडा उचललेला, डोळे माझ्या तोंडावर. मी जेवले नव्हते. एकटीसाठी कोण पोळ्या करत बसतं? सकाळच्या चहावर होते. पण त्यांना काळजी नको म्हणून पटकन म्हणाले, "हो, जेवले." त्यांचा हात खाली आला. त्यांना ते खोटं कळलं असणार, मला अजून तसंच वाटतं.

बारावं झाल्यावर कविताने घराला कुलूप लावलं. जाताना लाटणं माझ्या हातात ठेवून गेली. समोरचं दार आता बंदच असतं. निनादचा फोन रविवारी येतो. मधल्या दिवसांत कधी कधी दूधवाल्याशी बोलताना माझाच आवाज मला जाड लागतो, आणि भीती वाटते की माझ्याही वाटांवर गवत चढतंय.

त्यांच्या लाटण्याने मी आता रोज दुपारी पोळ्या करते. एकटीसाठी, पण करते. पहिली पोळी लाटताना मधेच हात थांबतो, लाटणं तसंच उचललेलं राहतं. समोरचं दार मला ओट्यापाशी उभं राहून दिसतं. मग मी मोठ्याने, नीट ऐकू जाईल असं सांगते, "नाही भाभी, अजून नाही जेवले."

आणि दुसरी पोळी लाटायला घेते.