जपलेला यूपीएस

गल्लीत त्यांना प्लगकाका म्हणत. दुकानात मान खाली घालून घड्याळं दुरुस्त करणारा हा शांत माणूस. पण घरी दिवा नुसता लुकलुकला की काका ताडकन उठत. आधी फ्रिज, मग टीव्ही, मग वॉशिंग मशीन, असे सगळे प्लग भराभर उपटून मोकळे होत. एकदा व्होल्टेज चढून नवाकोरा फ्रिज डोळ्यांदेखत जळाला होता. तेव्हापासून विजेची जी धास्ती घेतली ती घेतलीच. पाहुणे बसलेले असोत की ताट वाढलेलं असो, काकांची धाव ठरलेली.

"घरात चोर शिरला तरी हे आधी प्लग काढतील," बायको सगळ्यांदेखत म्हणायची.

मग तिचीच फुप्फुसं थकली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकाला नळी लावून ती खाटेवर बसायची, थट्टा करायला जायची आणि अर्ध्यावर धाप लागायची. मशीनची घरघर कानावर असली की काकांच्या जिवात जीव असे. मुलीने यूपीएस आणून दिला.

"बाबा, वीज गेली तरी मशीन याच्या बॅटरीवर चालेल. फक्त भिंतीतला प्लग काढू नका."

"आता तू मला प्लग शिकवणार?" काका म्हणाले.

पण एवढी नाजूक वस्तू जळली तर? हा विचार काकांची पाठ सोडेना. मुलगी तिच्या घरी गेली आणि दिवा लुकलुकला की यूपीएसचाही प्लग भिंतीतून निघू लागला. वीज नीट स्थिरावली, अशी खात्री पटली की पुन्हा लावायचा. तेवढा वेळ मशीन बॅटरीवर चालतच असे. काका स्वतःवर खूश होते. ज्या झटक्यांपासून घर वाचवायला यूपीएस आणला, त्याच झटक्यांपासून ते यूपीएसला वाचवत होते.

त्या दिवशी सकाळपासून विजेने उच्छाद मांडला होता. दिवा मंद व्हायचा, भगभगायचा, पुन्हा मंद व्हायचा. काकांनी प्लग काढला, लावला, काढला. शेवटी कंटाळून काढूनच ठेवला. दुपारी वीज पूर्णच गेली आणि बॅटरी संपत आलेला यूपीएस चिरक्या आवाजात ओरडू लागला. काका टीव्हीकडे धावणार होते, तेवढ्यात त्याचं ओरडणं थांबलं. मशीनने एक लांब शिट्टी मारली आणि घरघर बंद झाली.

एवढी भयानक शांतता त्या घरात कधी झाली नव्हती.

"अहो," बायको म्हणाली. पुढचा शब्द फुटला नाही. तिचे खांदे वरखाली होऊ लागले, ओठ काळपट दिसू लागले. काकांनी यूपीएसचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, त्याला थोपटलंसुद्धा. आपल्याच हातून ती मरतेय, हे त्यांना लख्ख कळलं. ते खिडकीत जाऊन जिवाच्या आकांताने ओरडले, "ताई! तुमचा इन्व्हर्टर चालू आहे का? वायर सोडा!"

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी हातातलं काम टाकलं. खिडकीतून टोकाला एक्स्टेन्शन बोर्ड असलेली लांब वायर खाली आली. काका अर्धे बाहेर लोंबकळले, बोर्ड ओढून घेतला, मशीनचा प्लग खुपसला. चुकीच्या जागी खुपसला. मग नीट लावला.

घरघर सुरू झाली. काका खाटेला टेकून जमिनीवरच बसले. बायकोचा हात त्यांनी असा धरला होता की तिला दुखत असणार. हळूहळू तिच्या ओठांना रंग आला.

बाई धापा टाकत खाली आल्या. "काका, यूपीएस होता ना?"

"होता," काका म्हणाले. "मी त्याला जपलं. हिला नाही." आणि ते हुंदके देऊन रडू लागले.

त्याच वेळी वीज आली. दिवे डोळे दिपवतील असे भगभगले. टीव्हीचा प्लग भिंतीतच राहिला होता. फट्‌ आवाज झाला आणि जळका वास सुटला. बाई बटण बंद करायला धावल्या.

बायकोने मोठ्या कष्टाने मान वळवली. "अहो... टीव्ही..."

"जळू दे," काका म्हणाले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या हाताने ते वरून आलेल्या वायरचा बोर्ड घट्ट दाबून बसले होते.