भावोजींची चाल

आमचे भावोजी इमारती रंगवायचे. परांचीवर उभं राहून एका हाताने दोरी धरायची, दुसऱ्याने ब्रश ओढायचा आणि तोंडाने खालच्या माणसाशी गप्पा मारायच्या, असा माणूस. सात वर्षांपूर्वी परांचीची एक फळी निसटली आणि ते दुसऱ्या मजल्यावरून खाली आले. जिवावरचं खुब्यावर निभावलं. चार महिने दवाखान्यात काढले. तिथे रुग्णांचे हात रिकामे राहू नयेत म्हणून काहीबाही शिकवायचे. भावोजींच्या वाट्याला वेताच्या खुर्च्या विणणं आलं. "इतकी वर्षं लोकांच्या भिंती बघितल्या, आता बुडं बघायची," असं ते माझ्या थोरल्या बहिणीला म्हणाले. ताई हसली आणि हसता हसता रडायला लागली.

घरी आल्यावर त्यांना अपंगत्वाचा भत्ता सुरू झाला. तो पुरत नव्हता असं मी म्हणणार नाही. ताई कपड्यांच्या दुकानात कामाला होती, ओढूनताणून भागत होतं. पण दिवसभर छताकडे बघत पडून राहणं त्या माणसाला जमेना. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी बसकण फाटलेली एक खुर्ची दिली, ती त्यांनी विणून दिली. शिंपीणबाईंच्या तोंडून गोष्ट बाहेर पडली की ती गावभर होते. वर्षभरात गॅलरीत नेहमी दोनतीन खुर्च्या उलट्या पडलेल्या असायच्या. बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत असायच्या. आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरप्या, आणि प्रत्येक भोकात लाकडाची बारीक पाचर. तासभर बसलं की खुबा बोंबलायला लागायचा, मग ते तिथेच फरशीवर आडवे व्हायचे. काही दिवस बरे जायचे, नुसत्या काठीवर चालायचे. काही दिवस उठूच शकायचे नाहीत.

भत्त्याच्या वार्षिक अर्जात एक प्रश्न होता: सध्या कोणतंही काम करता का? अर्ज ताई भरायची, तिचं अक्षर चांगलं. तिने पेन थांबवून वर बघितलं तर भावोजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाही लिही." तिने नाही लिहिलं. पुढच्या वर्षी न विचारताच लिहिलं.

तेव्हापासून चोराच्या मनात चांदणं. दारावर कोणी आलं की खुर्ची पडद्यामागे जायची. एकदा मीटर बघणारा आला, तेव्हा गडबडीत त्यांनी ओली पट्टी गुंडाळून विजारीच्या खिशात कोंबली. मीटरवाला गप्पिष्ट निघाला. बसला, पाणी प्यायला, हवापाण्याचं बोलला, आणि भावोजींच्या मांडीवर ओला डाग पसरत गेला. शेवटी मीटरवाल्याने शरमून दुसरीकडे बघितलं आणि जाताना ताईला हळूच म्हणाला, "काळजी घ्या हो त्यांची." या गोष्टीवर आम्ही पुढे कितीतरी दिवस हसलो. भावोजीही हसायचे, पण सगळ्यांच्या मागून.

तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष तपासणीचं पत्र आलं. ताईला रजा मिळेना, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. निघताना त्यांनी कपाटामागे दोन वर्षं पडलेली कुबडी काढली. गर्दी असते, बरोबर असू दे, म्हणाले. लिफ्टपर्यंत ते काठीवर नीट चालले. डॉक्टरांच्या दाराशी आल्यावर मात्र काठी माझ्या हातात दिली आणि कुबडी काखेत घेतली.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी खिडकीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं. भावोजी निघाले. पावलागणिक श्वास सोडत, मध्येच टेबल धरत, अर्ध्यावर आल्यावर "आई गं" म्हणाले. त्यांचं खरं "आई गं" मी दवाखान्यात ऐकलं होतं. हे ते नव्हतं. मी खाली बघत उभा राहिलो.

डॉक्टरबाई स्वतः उठल्या, त्यांना हाताला धरून बसवलं. बसवताना बाईंना भावोजींची बोटं दिसली. वेताने बोटांच्या पेरांवर चिरा पडतात, त्या. हे कशाने झालं, असं त्यांनी विचारलं. भावोजी म्हणाले, कुबडीमुळे. बाईंनी स्वतःच्या पर्समधून मलमाची ट्यूब काढून त्यांच्यापुढे ठेवली, घेऊन जा म्हणाल्या. मग कागद पुढे ओढला.

"घरी काही काम करता का?"

"या अवस्थेत काय करणार, डॉक्टर?"

बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

परतताना गाडीत ते मलमाची ट्यूब हातात फिरवत बसले. तपासणी पार पडली याचा मला आनंद झाला होता आणि घरातलं वातावरण हलकं करावं असं वाटत होतं. म्हणून जेवताना मी ताईला आणि भाचीला सगळं रंगवून सांगितलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी उठलो, कुबडी घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारापासून टेबलापर्यंत तसं चालून दाखवलं, "आई गं"सकट. भाचीला हसून हसून ठसका लागला. ताई हसायला लागली आणि तिची नजर भावोजींकडे गेली. त्यांचा हात ताटात तसाच होता.

"छान जमलं तुला," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा बरं." आणि उठून हात धुवायला गेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की मुलगी बापाला हसतेय.

पुढचे आठ दिवस त्यांनी वेताला हात लावला नाही. लोक खुर्च्यांबद्दल विचारायला यायचे, ताई काहीतरी सांगून वाटेला लावायची. नवव्या दिवशी मला ताईचा फोन आला. ते जाऊन सगळं खरं सांगतो म्हणत होते आणि ती घाबरली होती. "सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. भत्ता बंद झाला तर खायचं काय, ते विचार त्यांना." मी विचारायला गेलो तेव्हा ते दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसले होते. मी काही विचारलं नाही. आम्ही तिघंही गेलो. कुबडी घरी राहिली.

डॉक्टरबाईंपुढे ते बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मी खुर्च्या विणतो. दोन वर्षं झाली. आणि त्या दिवशी दाखवलं तेवढा मी लंगडत नाही."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं, थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा चालायला सांगितलं. ते चालले. पुन्हा सगळं तपासून त्यांनी नवा कागद लिहिला आणि आम्हाला खालच्या खिडकीवर पाठवलं. या वेळी त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत.

खिडकीवरच्या कारकुनाने कागद वाचला आणि रोज दहा जणांना सांगत असावा तसं सांगितलं. बसून थोडंफार स्वतःचं काम करायला परवानगी असते. फक्त ते कळवावं लागतं, त्याचा अर्ध्या पानाचा अर्ज आहे. तुमचं काम मर्यादेत बसतंय. न कळवल्याबद्दल काही महिने भत्ता थोडा कापून येईल. "दोन वर्षांपूर्वीच भरला असतात तर काही प्रश्नच नव्हता," एवढं बोलून त्याने पुढच्याला हाक मारली.

ताई बाकावर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. मलाही सुटल्यासारखं झालं. भावोजींनी अर्ज घेतला, घडी घातली. जिना उतरताना कठड्याला धरून थांबले.

"अर्ध्या पानाचं होतं रे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "खोटं बोललो त्याचं एवढं काही नाही. माणूस बोलतो. पण मला खरंच दुखतं. आणि मी माझ्याच दुखण्याची नक्कल केली."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानेच राहू दे म्हटलं आणि पुढची पायरी उतरले.

त्यानंतर ते उघड्या दाराने विणायला लागले. शिंपीणबाई सगळ्यांना त्यांच्या प्रामाणिकपणाची गोष्ट सांगायच्या. ती सुरू झाली की भावोजी उठून आत जायचे. मलम कपाटात पडून होतं. बोटं फुटली तरी त्यांनी ते कधी लावलं नाही, आणि ताईला टाकूही दिलं नाही.

पुढच्या वर्षी तपासणी आली तेव्हा खुबा खरोखर बिघडला होता. सकाळी पलंगावरून उठवायला मला आणि ताईला दोघांना धरावं लागलं. कुबडी घ्या म्हणून ताईने विनवलं, पण नाही म्हणजे नाही. त्याच बाई होत्या. चालून दाखवा म्हटल्यावर भावोजी काठीवर, दात आवळून, अगदी ताठ चालायला लागले. तिसऱ्या पावलाला त्यांच्या कपाळावर घाम आला. तोंडातून हूं की चूं नाही.

बाई बघत होत्या. "दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

भावोजींनी काठीवर दोन्ही हात टेकले.

"दुखतंय."

"मग दुखतंय तसं चाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन खांदा दिला. त्यांनी त्यावर सगळा भार टाकला आणि खिडकीपर्यंतची उरलेली पावलं, मान खाली घालून, एकेक करत टाकली.